अमेरिकेत पाकीट मागच्या बाजूने वाचायचं

नव्याने आलेल्या शाकाहारी मंडळींनो, इथल्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधू नका. तसा नियमच इथे नाही. ठिपका सापडला नाही की आपले लोक 'कन्टेन्स' अशी सुरुवात असलेली ठळक ओळ वाचतात. त्यात दूध, गहू, सोया दिसतं, मांसाचं नाव नसतं, आणि वस्तू कार्टमध्ये जाते. दर वर्षी कुणी ना कुणी याच ओळीवर फसतं. ती ओळ फक्त ॲलर्जीसाठी आहे! दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, बदाम-काजूसारखा सुका मेवा, शेंगदाणे, गहू, सोया आणि २०२३पासून तीळ, एवढंच तिच्यात येतं. कोंबडी, गाय, डुक्कर यांचा तिथे उल्लेख नसतो.

म्हणून बारीक अक्षरातली 'इन्ग्रेडियंट्स'ची यादी शेवटपर्यंत वाचा. मार्शमेलोत आणि काही दह्यांत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं; काही रिफ्राइड बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी, भाज्यांच्या सूपमध्येही कधी चिकन ब्रॉथ म्हणजे कोंबडी उकळलेलं पाणी. चीजमधले 'एन्झाइम्स' आणि 'नॅचरल फ्लेवर्स' प्राण्यांपासूनचेही असू शकतात. शंका आली तर 'व्हीगन' लिहिलेलं घ्या.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ब्रेडवर पुढे 'मल्टिग्रेन' लिहिलंय म्हणून भुलू नका, यादीत पहिलं नाव 'होल व्हीट' आहे का ते बघा.

आता आकडे. कॅलरी, मीठ, साखर हे सगळं सहसा एका 'सर्व्हिंग'चं, म्हणजे एका वेळच्या वाढीचं, असतं आणि पाकिटात तीन सर्व्हिंग असू शकतात. सोडियम (मिठाचा आकडा इथे याच नावाने असतो) ७०० मिलिग्रॅम दिसलं आणि पाकीट एकट्याने संपवलं, तर २१०० पोटात गेलं. दिवसाची मर्यादा २३०० आहे. दिवसभराच्या प्रमाणातला वाटा सांगणाऱ्या टक्केवारीच्या रकान्यात ५ किंवा कमी म्हणजे थोडं, २० किंवा जास्त म्हणजे भरपूर. लोणचं, पापड, फरसाण 'आपलंच' म्हणून न वाचता घेणाऱ्यांनी हा रकाना आधी बघावा. देशी दुकानातून आणलं म्हणून मीठ कमी होत नाही.

वरून घातलेल्या साखरेची 'ॲडेड शुगर्स' ही वेगळी ओळ मात्र या देशाने फार चांगली केली. ४ ग्रॅम म्हणजे साधारण एक चमचा. मुलांच्या नाश्त्याच्या सीरियलच्या (कॉर्नफ्लेक्ससारख्या) खोक्यावर ती वाचाच.

तारखेत महिना आधी असतो. 'बेस्ट बाय' ही तारीख चवीची असते, ती गेली म्हणून पदार्थ लगेच खराब होत नाही. बाळाच्या फॉर्म्युलाचं, म्हणजे डब्यातल्या दुधाचं, तसं नाही. त्यावरची 'यूज बाय' तारीख उलटली की डबा टाकून द्या.