बर्फातून गरवताना या चुका टाळा: मिनो बादलीतच मेले तर मासा कसा लागणार?

कोकणात खाडीवर गरवायला बसलेल्या माणसाला आमिषाची फारशी काळजी नसते. गांडूळ किंवा कोळंबीचा तुकडा गळाला लावला की काम झालं. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीत गोठलेल्या तळ्याला आठ इंचांचं भोक पाडून बसलात की सगळी मदार मिनोवर, म्हणजे आमिष म्हणून लावायच्या बोटाएवढ्या जिवंत माशावर. थंडीने सुस्तावलेला वॉलाय मासा उगाच कशाच्या मागे धावत नाही. नाकासमोर काहीतरी वळवळलं तरच तोंड उघडतो. पहिले दोन हिवाळे मी ‘जागा चुकली’ म्हणत भोकांवर भोकं पाडत फिरलो. जागा बरी होती. माझे मिनो अर्धमेले होते.

ते अर्धमेले होतात गाडीत. एकदा दुकानातून तीन डझन मिनो घेतले, बादली पुढच्या सीटखाली पायाशी ठेवली आणि हीटर लावून मिल लॅक्स तळ्याकडे निघालो. पोहोचेपर्यंत सगळे वर येऊन तोंडं वासत होते. पाणी कोमट झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला मात्र जास्त लागतो. शिवाय त्यातलाच एक गळाला लावून थेट बर्फाखालच्या शून्याजवळच्या पाण्यात सोडला. दोन झटके दिले आणि आडवा झाला. तेव्हापासून थर्माकोलची झाकणाची बादली मागे डिकीत जाते. लांबचा रस्ता असेल तर बॅटरीवरचा हवेचा छोटा पंप सोबत असतो, आणि बादलीत गर्दी करत नाही.

पाणी बदलायचं म्हणून बादली नळाखाली धरणं ही त्याहून मोठी चूक. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं. पण बऱ्याच शहरांच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं सहजी जात नाही. घरी मासे पाळणारे जे क्लोरीनविरोधी थेंब वापरतात ते घाला, आणि नवं पाणी जुन्याइतकंच गार असू द्या.

दुकानात शायनर मिनोच्या चकाकीला नवखा माणूस हमखास भुलतो. शायनर उत्तम, पण नाजूक. जरा हेळसांड झाली की पोट वर. सुरुवात फॅटहेड जातीच्या मिनोने करा. दिसायला सुमार, पण काटक.

आता गळाला लावणं. इथे घाई नको. हात ओला करून मिनो पकडा, कोरड्या हाताने त्याची बुळबुळीत साय निघून जाते. पाठीवरच्या पंखाच्या किंचित खाली, पण कण्याच्या वर, कातडीलगत गळ आरपार काढा. कण्याला टोचलं तर तो तिथेच ताठ होतो, आणि फार वरवर टोचलं तर कातडी फाटून निसटतो. बोटात धरलेला मिनो अजून शेपटी फडफडवतोय ना, एवढं पाहूनच खाली सोडा. गळही बेताचा हवा. क्रॅपी माशासाठी आणलेल्या इवल्या मिनोला जाडजूड गळ लावला तर तो पोहत नाही, लोंबकळतो. नॉर्दर्न पाइक माशासाठी मात्र सहा-आठ इंची सकर मिनो लावतात आणि तंगूसाच्या टोकाला पोलादी तार जोडतात. पाइकचे दात नुसतं तंगूस सहज कापतात.

मिनो वर येऊन गोल फिरतोय, तंगूस गुंतलंय

शिसं फार वर लावलंय किंवा फार हलकं आहे. गळाच्या साधारण फूटभर वर शिशाची एक गोळी दाबा. गळाला अगदी चिकटवलीत तर मिनोला हलताच येणार नाही. वॉलायसाठी तळापासून अर्धा ते एक फूट वर ठेवा. क्रॅपी मधल्याच पाण्यात थव्याने लटकतात आणि त्यांची नजर वरच्या बाजूला असते, म्हणून आमिष त्यांच्या थोडं वर हवं. खाली गेलेलं आमिष त्यांना दिसतच नाही.

तरंगा नाचतो, पण ओढल्यावर गळ रिकामा

तरंगा बुडत नाही, नुसता थरथरतो, तेव्हा बहुतेक वेळा मिनोला कुणीतरी जवळ आल्याचं कळलेलं असतं आणि तो जीव घेऊन पळायला बघत असतो. ही वेळ हात आवरण्याची. माझा मेहुणा दर थरथरीला झटका मारायचा आणि आलेल्या पाहुण्याला दारातूनच घालवायचा. तरंगा सरळ खाली जाऊ द्या, मग मनगटाने ओढा. आणि भोकावर बर्फाची साय धरू देऊ नका. तरंगा त्यात अडकला तर वॉलायला ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकतो. झाऱ्यासारखा डाव जवळ ठेवा, दर थोड्या वेळाने भोक साफ करा आणि त्याच वेळी मिनो जिवंत आहे का तेही बघा.

इथे बर्फावर माणशी दोनच गळ टाकता येतात. मासा लागला की झेंडी वर करणारा टिप-अप लावून शेकत बसलात तरी त्याच्यापासून 200 फुटांच्या आत राहावं लागतं.

उरलेल्या मिनोंचं काय, हा प्रश्न आपल्या लोकांना फार छळतो. दिवसभर त्यांचे सोबती गळाला लावल्यावर संध्याकाळी वाटतं, बिचाऱ्यांना भोकात सोडून द्यावं, तेवढंच पुण्य. सोडू नका, तो गुन्हा आहे. त्यांच्याबरोबर रोग आणि परकी जात त्या तळ्यात जाते. बादलीतलं तळ्याचं पाणी घेऊन निघणंही चालत नाही, ते तिथेच जमिनीवर ओतायचं. मिनो पुन्हा वापरायचे असतील तर घरून आणलेलं, क्लोरीन काढलेलं पाणी त्यात भरायचं, नाहीतर त्यांना कचऱ्यात टाकायचं. शेजारच्या विस्कॉन्सिनमधून स्वस्त मिळाले म्हणून जिवंत मिनो घेऊन सीमा ओलांडणंही बेकायदा.

मेलेले मी फ्रीजरमध्ये ठेवतो. पुढच्या वेळी त्यांची नुसती मुंडी चमच्यासारख्या चकाकत्या गळाला लावली तरी पर्च मासे येतात. फक्त पिशवीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. आमच्याकडे एका रविवारी ती मांदेली समजून वितळायला काढली होती, आणि हळद-मीठ लागेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.