टेनिस खेळून अंग भरलं? पुढचे तीन-चार दिवस असे काढा

रविवारी सकाळी दोन तास टेनिस खेळलो. सहा-सात वर्षांनी रॅकेट हातात घेतली होती. सोमवारी खांदा जरा जड वाटला, तेवढंच. मंगळवारी पहाटे मात्र संडासात उकिडवं बसताना भिंत धरावी लागली आणि उठताना दाराची कडी. ओसरीवरून आई बघत होती. "कावून रे बापू, टोंगळे धरून चालून रायला? कोणाच्या वावरात सोंगणीले गेलता काय?"

आईचा अंदाज खोटा नव्हता. वर्षभर न वाकलेला माणूस ऑक्टोबरात सोयाबीनची पात धरतो, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या मांड्यांचं जे होतं, तेच टेनिसनंतर होतं. दुखणं खेळून झाल्यावर साधारण 12 ते 24 तासांनी सुरू होतं, 24 ते 72 तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर घाबरू नका.

स्नायूत आम्ल साचतं म्हणून दुखतं, असं शाळेत शिकवलेलं असतं. ते खरं नाही. ज्याला आम्ल म्हणतात ते लॅक्टेट खेळ थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं, मग ते मंगळवारी कसं दुखवेल? खरं कारण ब्रेकचं आहे. भरलेली बंडी उताराला लागली की बैलाला ओढावं लागत नाही, उलट मागून येणारं ओझं रोखून धरावं लागतं. स्नायूचंही तसंच होतं. लांबत असताना जोर लावावा लागला की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, सूज येते आणि मग ठणकतं. टेनिसमध्ये हे सारखं चालू असतं. चेंडूकडे धावून एकदम थांबताना मांडीचा पुढचा भाग आणि पोटऱ्या ब्रेक लावतात. सर्व्हिस मारल्यावर सुटलेला हात खांद्याच्या मागचे स्नायू आवरतात.

खेळ संपल्या संपल्या लगेच मोटरसायकलवर बसू नका. पाच-दहा मिनिटं मैदानाला हळू चकरा मारा. पाणी प्या, घरी येऊन ताक किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घ्या. घाम जास्त गेला असेल तर ओआरएस चांगलं, आशाताईंकडे पाकीट मिळतं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण टाका, अर्धं-अर्धं करू नका. यानं अंगदुखी थांबत नाही, फक्त शरीरातलं पाणी भरून निघतं. जेवणात भाकर आणि घट्ट वरण, सोबत झुणका किंवा अंडी असली की झालं. पावडरचा डबा आणायची गरज नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस खाटेवर पडून काढाल तर अंग आणखी आखडेल. वावरापर्यंत रमतगमत जाऊन या किंवा सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सायकल चालवा. पहिली दहा पावलं जड जातात, मग अंग मोकळं होतं. नुसतं ताणत बसल्यानं फारसा फरक पडत नाही, आणि दुखऱ्या मांडीला हिसके देऊन ताणू तर नकाच.

तेल लावायचं तर लावा. तिळाचं असो की खोबऱ्याचं, काम हाताचं आहे, तेलाचं नाही. हलक्या हातानं पाच-दहा मिनिटं चोळलं की थोडा आराम पडतो. आमच्याकडे "जोरानं दाब, गाठ फुटू दे" म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या हाती पाय देऊ नका. आधीच इजा झालेल्या स्नायूवर कोपर रोवून काय मिळणार? गरम पाण्याची आंघोळ बरी वाटते. सूज वाटत असेल तर बर्फ पंच्यात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा, उघडा बर्फ कातडीला लावू नका.

गोळीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण "डॉक्टर, एक सुई लावून द्या" ही आपली जुनी सवय आहे. या दुखण्याला सुई लागत नाही. फारच त्रास असेल तर पॅरासिटामॉल पुरते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक उपाशीपोटी, आणि उन्हात खेळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेणं मूत्रपिंडाला आणि पोटाला महाग पडू शकतं. बीपी, किडनी किंवा अल्सर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

ही अंगदुखी नव्हे, हे ओळखा. खेळता खेळताच पोटरीत कुणी मागून चेंडू मारल्यासारखी कळ आली, तर स्नायू फाटलेला असू शकतो. कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखतं, बादली उचलताना किंवा कपडे पिळताना कळ येते आणि आठवडे झाले तरी जात नाही, तर तो टेनिस एल्बो. तो टेनिस कधीही न खेळलेल्यांनाही होतो. एकच सांधा सुजला, पाय टेकवत नाही, तर तपासून घ्या. आणि दुखणं प्रचंड, अंगात जोरच नाही, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर वाट बघू नका, त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणात तुटले की त्यातला घटक रक्तात उतरून किडनीला इजा करतो.

परत कोर्टवर चौथ्या-पाचव्या दिवशी जा, पण अर्धा तासच. आधी दहा मिनिटं हळू धावणं, हात फिरवणं, रॅकेट हवेत चालवणं. पहिल्या आठवड्यात सर्व्हिस वीस-पंचवीसच्या वर नको, त्याही निम्म्या जोरानं. आमचं कोर्ट सिमेंटचं आहे, चुन्याच्या रेषा आणि सुतळीनं सांधलेली जाळी. अशा जागी जाड तळव्याचे बूट हवेत, चप्पल किंवा झिजलेले कॅनव्हास चालत नाहीत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत रॅकेट पिशवीत गेलेली बरी.

एकदा दुखून गेलं की तोच खेळ पुढच्या वेळी कमी दुखवतो, कारण स्नायू तेवढ्या ब्रेकला तयार होतात. रोज सोंगणी करणाऱ्या बाया गप्पा मारत पात काढतात ते यामुळेच. मी पुढच्या रविवारी तासभर खेळलो. मंगळवारी भिंत धरली नाही, कडी मात्र धरली.