मुलाखती आधी, परवानगी नंतर: माझं सेमिस्टर कसं पाण्यात गेलं

पब्लिक पॉलिसी शिकायला अमेरिकेत लिबरल स्टडीजच्या मास्टर्सला येताय ना, मग हे एमपीपी (म्हणजे पब्लिक पॉलिसीचीच खास मास्टर्स) नाही हे डोक्यात ठेवूनच या. स्टॅटिस्टिक्स कमी, आणि एका संध्याकाळी ॲरिस्टॉटल तर दुसऱ्या संध्याकाळी मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा. मी एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे मिळणारा व्हिसा), लेकीला नवऱ्याकडे सोपवून व्हर्जिनियातून मेट्रोने वॉशिंग्टनला क्लासला जायचे, मला जमलं. पण एफ-१ वाल्यांनो, म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांनो, ही डिग्री सहसा स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) धरत नाहीत, म्हणजे ओपीटी, डिग्रीनंतर नोकरी करायची मुभा, १२ महिने आणि खेळ खल्लास. लोन काढायच्या आधी हिशोब करा.

आता माझी फजिती. थिसिस १९९६च्या वेल्फेअर रिफॉर्मवर, म्हणजे गरिबांच्या सरकारी मदतीचे नियम बदलणाऱ्या अमेरिकन कायद्यावर. त्या कायद्याने गरीब कुटुंबांची हक्काची रोख मदत गेली आणि राज्यांना वर्षाला साधारण साडेसोळा अब्ज डॉलर ठरवून दिले, महागाई कितीही वाढो, आकडा जवळपास तोच. मग ज्यांना मदत मिळत नाही त्या बायका भागवतात कसं? एका चर्चच्या फूड पॅन्ट्रीत, जिथे गरजूंना फुकट धान्य-भाजी देतात, मी शनिवारी बटाटे पिशव्यांत भरायला जायचेच, ओळखी होत्या, फोनचा रेकॉर्डर लावून ११ जणींशी बोलले. एकीने मदतीसाठी लागणारा कामाच्या तासांचा फॉर्म दाखवला, चार घड्या पडलेला, मॅनेजरची एक सही राहिली म्हणून पैसे अडकलेले. मला वाटलं थिसिस झालाच.

नवीन गाईडने विचारलं, आयआरबीचा नंबर? म्हटलं, कसला नंबर?

तर नीट ऐका. रिसर्चसाठी माणसांशी बोलायचं असेल तर युनिव्हर्सिटीच्या आयआरबीकडे, म्हणजे माणसांवरचा रिसर्च तपासणाऱ्या समितीकडे, आधी अर्ज. आधी म्हणजे पहिला फोन करायच्याही आधी. प्रश्नांची यादी, संमतीपत्र, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, ऑनलाइन ट्रेनिंग, सगळं. झालेल्या मुलाखतींना मागाहून परवानगी मिळत नाही. 'माझा विषय साधा, मला सूट असेल' हेही आपण ठरवायचं नसतं, तेच ठरवतात. पुण्यात एमएला असताना रोहयोच्या मजुरांशी बांधावर बसून बोलले होते, कोणी कागद मागितला नव्हता, ती सवय नडली. अकराच्या अकरा मुलाखती बाद.

माझे पहिले गाईड मोठं नाव, दीड महिन्यात एकच ईमेल, 'छान, पुढे जा'. म्हणून म्हणते, नावाला भुलू नका, जो ड्राफ्टवर पेन्सिल चालवतो त्याला धरा. आणि कायद्याची एआय समरी वाचून सेमिनारला जाऊ नका, पाचव्या मिनिटाला उघडे पडता.

पण घाबरू नका, सेमिस्टर गेलं, डिग्री नाही गेली. मुलाखती नकोच असतील तर अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, सुनावण्यांची छापील रेकॉर्ड्स पडलीयत, त्यांना परवानगी लागत नाही. मी हट्टाने परवानगी काढून पुन्हा पॅन्ट्रीत गेले. पाच जणी परत बोलल्या. फॉर्मवाली नव्हती, तिचा फोनही बंद लागत होता.