तालमीत घाम गाळताय पण कुस्ती वाढंना? या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी लागली की तालमीत नवीन पोरं येतात, आणि दरवर्षी पहिला प्रश्न तोच, वस्ताद, रोज किती जोर मारायचे? पाचशे सांगितले तर सहाशे मारतील, पण शेवटचे दोनशे बघा, छाती खाली जातच नाही, नुसती मान हलतेय. त्यापेक्षा शंभरच मार बाबा, पण पुरते मार. जोरानं दम येतो, डाव येत नाही.

खरी चूक म्हणजे आज काय शिकायचं हे न ठरवताच हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरायचं, आणि त्यातही आपल्यापेक्षा हलका जोडीदार धरायचा. रोज तोच पाडायचा, रोज तोच डाव, आणि घरी जाऊन सांगायचं आज चार कुस्त्या मारल्या. हे मी हसून सांगतोय पण दोन वर्षं मीपण हेच केलंय. माझा एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, लई भारी होता, म्हणजे मला तसं वाटायचं, आणि तो फक्त समोरच्याच्या डाव्या पायावर. तालमीत सगळ्यांचा डावा पाय पुढं असायचा, त्यामुळं चालून गेलं. मग पलूसकडच्या एका जत्रेच्या मैदानात जोड लागली, समोरचा पोरगा उजवा पाय पुढं टाकून उभा. खडाखडी झाली, म्हणजे हात-मान धरून एकमेकांचा अंदाज घेऊन झाला, मला दुसरं काही येतच नव्हतं म्हणून मी लांबूनच मागच्या पायाला झेपावलो, डोकं खाली. त्यानं पाय मागं फेकून मानेवर छातीचा भार टाकला, गर्रकन माझ्या पाठीवर आला आणि घिस्सा डाव मारून मला चीत केलं. हलगीवाल्याचा हातपण गरम झाला नव्हता. परतताना एसटीत कानातली माती काढत बसलो होतो, चुलते शेजारी, एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर मी एक सवय लावली, ती अजून पोरांना लावतोय. उतरायच्या आधी जोडीदाराला सांगायचं, आज मी फक्त उजव्या पायावर पट काढणार. त्याला माहीत असल्यावर तो देणार नाही, दहा वेळा पडाल, पडू दे की! तीन-चार आठवडे एकच गोष्ट. नवीन पोरांना आठव्या दिवशी कंटाळा येतो, मोबाईलवर बघून ढाकसारखा मोठा डाव मारायचा असतो, इथं अजून नीट उभं राहता येत नाही.

मॅटला, म्हणजे गादीवरच्या कुस्तीला, नावं ठेवणं ही अजून एक चूक. आम्ही मातीतले म्हणे. अहो कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतलेच होते, १९४८ ला लंडनला मॅटवर सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत ब्राँझ आणलं. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड असतात, मैदानासारखं पंधरा मिनिटं खडाखडी करत बसाल तर गुणांवर हराल. आठवड्यातून दोन दिवस तरी मॅटवर जावा.

इंजेक्शनवाल्याच्या नादी लागू नका, एवढंच बोलतो.

नखं काढा. आणि गजकर्ण उठलं असेल तर सांगा, लपवू नका. मागच्या पावसाळ्यात एकानं लंगोटाच्या पट्टीखाली झाकून ठेवलं होतं, पंधरा दिवसांत निम्मी तालीम खाजवत होती आणि मलम माझ्या खिशातनं.