उत्तरायणाचा दोरा आणि मांजरीचं पिल्लू

वडोदऱ्यात उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग दोन दिवस उडतात, पण दोऱ्याचे तुकडे महिनाभर गच्चीत, तुळशीच्या कुंडीत, कपड्यांच्या तारेवर लोंबत राहतात. घरात पिल्लू असेल तर 15 जानेवारीला, वासी उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळीच सगळा दोरा गोळा करून झाकणाच्या डब्यात टाका. फिरकी कपाटात, बंद.

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं. मग नाडी ओढलेल्या लेंग्यासारख्या आतड्याला चुण्या पडतात आणि ताणलेला दोरा ते कापतो. शिवणाचा, फुलपुडीचा दोराही तितकाच वाईट, सुई ओवलेली असेल तर विचारूच नका.

पिल्लू वारंवार ओकतंय, खात नाहीये? जिभेखाली बघा. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबत असला तरी कृपा करून ओढू नका, एरंडेलही पाजू नका. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि दोऱ्याचा संशय आहे हे आधी सांगा. साध्या एक्स-रेत दोरा बहुधा दिसत नाही.