नदीच्या पाण्यातलं कीटकनाशक मोजताय? या चुका टाळा

प्रकल्पासाठी येणाऱ्या मुलांना वाटतं, कन्हान नदीचं पाणी आणलं, मशीनला लावलं की आकडा मिळाला. आकडा बिघडतो तो मशीनच्या कितीतरी आधी.

सर्वांत महागात पडते ती फील्ड ब्लँक न नेण्याची चूक. लॅबचं शुद्ध पाणी बाटलीत घेऊन नदीवर जायचं, तिथे झाकण उघडायचं आणि बाकी नमुन्यांसोबतच परत आणून तपासायचं. "साध्या पाण्यात काय निघणार, मॅडम?" हे मी दर पावसाळ्यात ऐकते. एकदा खाप्याकडच्या सगळ्या नमुन्यांत क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक निघालं. कपाशीवर फवारण्या चालू होत्या, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. अहवालही लिहायला घेतला. ब्लँक लावायला लावला, तर त्यातही मशीनच्या आलेखावर त्याच मिनिटाला तोच उंचवटा, जवळपास तेवढाच. चौकशीत कळलं, गाडीत फवारणीचा पंप होता. तो सरकवलेल्या हातांनीच झाकणं उघडली होती. ब्लँक नसता तर नदीवर फुकटचा आळ आला असता. ब्लँक नसलेली खेप मी लावूनच घेत नाही, कितीही घाई असो.

दुसरं, बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्या आणू नका. क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रिन पाण्यात फारसं विरघळत नाही, बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतं. शिवाय प्लास्टिकमधली थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) ईसीडीवर (क्लोरीनवाली रसायनं टिपणाऱ्या शोधकावर) असे उंचवटे देतात की नवख्याला ऑर्गॅनोक्लोरीन, म्हणजे डीडीटीच्या जातीचं कीटकनाशकच वाटावं. तपकिरी काच, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण, बस. काचेलाही थोडं चिकटतंच. म्हणून बाटली आधी नदीच्या पाण्याने विसळायची नाही आणि रिकामी झाल्यावर द्रावकाने विसळून ते अर्कात (नमुन्यातलं औषध ज्यात काढून घेतलं त्या द्रावकात) मिसळायचं. हा कंटाळा करणाऱ्यांची रिकव्हरी, म्हणजे नमुन्यातल्या औषधापैकी हाती लागलेला वाटा, कमी येते आणि खापर मशीनवर फुटतं.

नमुना बर्फात आणा, सात दिवसांत अर्क काढा. एसपीई कार्ट्रिज (पाण्यातलं औषध धरून ठेवणारी नळी) कंडिशनिंगनंतर, म्हणजे द्रावकाने ओली करून घेतल्यावर, नमुना सोडेपर्यंत कोरडी पडू देऊ नका. नायट्रोजनच्या झोताखाली अर्क पार सुकवलात तर डायक्लोरव्हॉस उडून जातं. श्रावणातलं गढूळ पाणी गाळून गाळ फेकलात, तर निकालाला 'एकूण' म्हणू नका. बरंच औषध त्या गाळालाच धरून असतं. नाग नदीच्या सांडपाण्यासाठी शुद्ध पाण्यातला कॅलिब्रेशन कर्व्ह (सिग्नलवरून मात्रा काढायचा आलेख) एलसी-एमएस या मशीनवर चालत नाही, सांडपाण्यातल्या इतर घटकांमुळे सिग्नल दबतो.

आणि 'आढळलं नाही' म्हणजे शून्य नव्हे. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरपायरीफॉसची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, डायएल्ड्रिनची ०.०३. तुमची पद्धत ०.१ च्या खाली पाहूच शकत नसेल, तर डायएल्ड्रिनबद्दल ती काहीच सांगत नाही. प्रत्येक निकालाशेजारी शोधमर्यादा, म्हणजे तुमची पद्धत ओळखू शकते ती सर्वांत कमी मात्रा, लिहा.