जोरात चघळणाऱ्या कुत्र्यासाठी खेळणी निवडताना या चुका टाळा

चघळणे ही कुत्र्याची नैसर्गिक गरज आहे. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण तिसऱ्या ते सातव्या महिन्यांत पडून त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात आणि त्या काळात हिरड्या शिवशिवत असल्यामुळे ते समोर येईल ते कुरतडते. मोठेपणी याच सवयीने कुत्रा कंटाळा घालवतो आणि स्वतःला शांत करतो. इंदुरात एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत पारा चाळिशीच्या आसपास किंवा त्याच्याही वर राहतो, सकाळ सरता सरता रस्ते तापू लागतात आणि फिरणे आपोआप कमी होते. मग लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा चांगल्या अंगापिंडाचा देशी कुत्रा आपली शिल्लक शक्ती सोफ्याच्या कोपऱ्यावर आणि पायपुसण्यावर खर्च करतो. अशा वेळी रामबागेतील किंवा लोकमान्य नगरातील श्वानपालकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: मुळीच न तुटणारे खेळणे कोणते? असे खेळणे अस्तित्वात नाही. आपला कुत्रा नेमका कसा चघळतो आणि त्या पद्धतीपुढे दातांना इजा न करता कोणता पदार्थ टिकेल, हे पाहिले तर उत्तर मिळते.

जितके कठीण तितके टिकाऊ, असे मानणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. रबर फाटले म्हणून कडक नायलॉन, नायलॉन खरवडले गेले म्हणून शिंग किंवा खूर, अशी चढत्या क्रमाने खरेदी होत जाते आणि शेवटी खेळणे शाबूत राहते, पण दाढ तुटते. कुत्र्याच्या दातावरील कवच माणसाच्या मानाने बरेच पातळ, बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरहूनही कमी जाडीचे असते. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ कात्रीच्या पात्यासारखी काम करते, आणि फार कठीण वस्तू चावताना तिचा बाहेरच्या बाजूचा कपचा उडण्याचे प्रकार पशुवैद्यांना नेहमी पाहायला मिळतात. आतली नस उघडी पडली, तरी कुत्रा जेवत राहतो, त्यामुळे घरच्यांना दुखणे कळत नाही. पुढे मुळाशी पू होऊन डोळ्याखाली सूज आली, म्हणजे लक्षात येते.

यावर घरच्या घरी करता येईल अशी परीक्षा आहे. खेळण्यावर अंगठ्याचे नख जोर देऊन दाबावे. किंचितही खूण उमटत नसेल किंवा वस्तू दबत नसेल, तर ती चघळण्यासाठी देऊ नये. तीच वस्तू आपल्या गुडघ्यावर आपटून घ्यायला आपण कचरत असू, तर ती कुत्र्याच्या दाढेलाही जडच आहे. या परीक्षेत शिंगे, खूर, मटणाची नळी, बर्फाचे खडे आणि हल्ली सर्वत्र मिळणारी हिमालयातील कडक छुर्पी (वाळवून घट्ट केलेले चीज) यांतले जवळजवळ काहीच उतरत नाही. हाडांबाबत आणखी एक धोका आहे: शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिरफळ्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

टिकते ते दाबल्यावर दबणारे आणि सोडल्यावर पूर्ववत होणारे भरीव, जाड रबर. १९७०च्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चघळून दात झिजवत होता. फोक्सवॅगन व्हॅनच्या सस्पेन्शनमधला एक रबरी भाग त्याच्यासमोर आला आणि त्याने तोच पसंत केला. त्यातून ‘काँग’ हे खेळणे जन्माला आले. दगडापेक्षा रबर त्या कुत्र्याला अधिक आवडले, ही बाब मला आजही मार्गदर्शक वाटते, कारण दबून उसळणाऱ्या वस्तूत त्याच्या जबड्याला प्रतिसाद मिळतो. या खेळण्याचे रंगही अर्थपूर्ण आहेत: गुलाबी किंवा निळे मऊ रबर पिल्लांसाठी, लाल रंगाचे मध्यम, तर काळे सर्वांत दणकट. दुधाचे दात असलेल्या पिल्लाला ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून काळे आणणे अयोग्य आहे. ‘गफनट्स’ या कंपनीची रबरी कडी आतून लाल असते, बाहेरचा थर झिजून लाल रंग दिसला की ती काढून घ्यायची, इतका स्पष्ट इशारा त्यात दिलेला असतो. अशी खेळणी महाग असतात, हे खरे. पण दर आठवड्याला फाटणाऱ्या चार स्वस्त खेळण्यांचा आणि दाढेवरील उपचारांचा हिशेब मांडला, तर ती परवडतात.

चघळण्याची पद्धत न पाहता खरेदी करणे

दोन कुत्र्यांचा जोर सारखा असला, तरी रीत वेगळी असू शकते. काही कुत्रे मागच्या दाढांनी दाबत राहतात. त्यांना भरीव रबर पुरते. काही पुढच्या दातांनी कड पकडून सोलतात. त्यांच्यापुढे शिवण, कान, शेपटी, पातळ कडा असलेले कोणतेही खेळणे टिकत नाही, म्हणून गोल किंवा अंडाकृती आणि कमीत कमी उंचवटे असलेले खेळणे घ्यावे. तिसरा प्रकार फाडणाऱ्यांचा. अशा कुत्र्याला रबरापेक्षा फाडण्यात गोडी असते, तेव्हा पिना व चिकटपट्टी काढलेला पुठ्ठ्याचा खोका समोर बसून फाडू द्यावा आणि तुकडे लगेच उचलावेत; मात्र तुकडे गिळणाऱ्या कुत्र्याला हा खेळ देऊ नये. एखादे जुने खेळणे देऊन दहा मिनिटे शांतपणे निरीक्षण केले, तरी आपला कुत्रा यांतला कोणता, हे समजते.

माप आणि भोके दुर्लक्षित करणे

क्रिकेटसाठी आणलेला टेनिस बॉल घरोघरी असतो आणि तोच कुत्र्याकडे जातो. त्याचा व्यास साडेसहा-पावणेसात सेंटिमीटर असतो आणि तो दाबला जातो, त्यामुळे मोठ्या जबड्याचा कुत्रा त्याला घशाच्या तोंडाशी नेऊ शकतो. शिवाय त्याच्या लवेत अडकलेली धूळमाती दातांना पॉलिशच्या कागदासारखी घासते. फेकून आणण्यापुरता तो चालेल, चघळत बसण्यासाठी नाही. खेळणे नेहमी कुत्र्याच्या तोंडात संपूर्ण मावणार नाही एवढे असावे. दोन आकारांत शंका असली तर मोठे घ्यावे. पोकळ चेंडूला एकच भोक असेल, तर आत निर्वात पोकळी होऊन जीभ अडकू शकते, म्हणून हवा खेळण्यासाठी दुसरे भोक आहे ना, हे दुकानातच पाहावे.

घरातील टाकाऊ वस्तू देणे

जुनी चप्पल दिली की नवी चप्पलही त्याची होते. जुने-नवे हा फरक कुत्र्याला ठाऊक नसतो. मोज्यांची गाठ, सुती दोरखंड आणि नारळाचा काथ्या यांतला धोका याहून गंभीर आहे. लांब धागा गिळला गेला आणि त्याचे एक टोक वर कुठे अडकले, तर आतडे त्या धाग्यावर चुण्या पडल्यागत गोळा होते, कधी कधी कापलेही जाते, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय उपाय राहत नाही. दोरी आपल्या हातात असताना ओढाओढीसाठी वापरावी आणि खेळ संपताच वर ठेवावी. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या चिरफळ्या होतात. ती देऊच नये. कातड्याचे पांढरे हाडही तोंडात लिबलिबीत होऊन गिळले जाते आणि पोटात फुगते.

लेबलवर विसंबणे

‘अनब्रेकेबल’ हा शब्द छापायला कोणाचीही परवानगी लागत नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, ते १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी. कुत्र्याच्या जबड्याची परीक्षा त्यात नाही. बाळाचे खेळणे सुरक्षित आहे म्हणून कुत्र्याला देणे म्हणूनच चुकीचे ठरते. उग्र रासायनिक वास येणारे, हाताला रंग लागणारे किंवा जोड स्पष्ट दिसणारे रबर दुकानातच नाकारावे.

आणून दिल्यावर येणाऱ्या अडचणी

महागाचे खेळणे कोपऱ्यात पडून राहते, ही नेहमीची तक्रार आहे. पोकळ रबरात सुरुवातीला सहज निघेल असे खाणे भरावे: दहीभात, शिजवलेला लाल भोपळा, उकडलेले बिनमसाल्याचे चिकन. कुत्रा सरावला की तेच घट्ट भरून फ्रीजरमध्ये ठेवावे. उन्हाळ्याच्या दुपारी तो त्यात बराच वेळ रमतो. इंदुरी घरात सकाळचे पोहे उरतात आणि ते भरण्याचा मोह होतो, पण पोह्यातला कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, म्हणून पोहे टाळावेत. मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेले पीनट बटर हेही विषच. भरलेल्या खाण्याचा हिशेब रोजच्या जेवणातून वजा करावा आणि खेळणे त्याच संध्याकाळी बाटलीच्या ब्रशने धुवावे, नाहीतर मुंग्या लागतात.

खेळणे दोन दिवसांत नकोसे होत असेल, तर सगळी एकदम पसरून न ठेवता दोन बाहेर ठेवावीत आणि बाकीची आलटून पालटून काढावीत. रबर लवकर भेगाळत असेल, तर ते गच्चीत उन्हात राहते का, ते पाहावे. खेळण्याजवळ जाताच कुत्रा गुरगुरत असेल, तर ते हिसकावू नये. त्याहून आवडीचा घास देऊन अदलाबदल करावी. आणि तो केवळ घरात एकटा असतानाच, विशेषतः दाराची चौकट आणि खिडकी कुरतडत असेल, तर प्रश्न खेळण्याचा नसून एकटेपणाच्या भीतीचा असू शकतो. त्यासाठी पशुवैद्याशी बोलणे आवश्यक आहे.

खेळणे दर आठवड्याला हातात घेऊन वाकवून पाहावे. खोल चीर दिसली, तुकडा गेला किंवा मूळ आकारापेक्षा ते लक्षणीय लहान झाले, तर त्याच दिवशी टाकावे. तुकडा गिळल्याची शंका असेल आणि वारंवार उलटी, जेवणाला नकार, पोटाला हात लावू न देणे किंवा शौचाला कुंथणे यांपैकी काही दिसले, तर थांबू नये. मीठ पाजून उलटी काढवण्याचा घरगुती प्रयोग घातक आहे आणि तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारा दोरा ओढणे त्याहून घातक. शहरातील पशुवैद्य गाठावा. गुंतागुंतीच्या प्रकरणासाठी महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळच आहे. कापड आणि काही प्रकारचे रबर साध्या एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही, त्यामुळे सोनोग्राफी लागू शकते. जाताना फाटलेल्या खेळण्याचे उरलेले सर्व तुकडे पिशवीत घालून सोबत न्यावेत. ते जुळवून पाहिले, म्हणजे किती आणि केवढा भाग पोटात गेला असावा, याचा डॉक्टरांना अंदाज येतो.